जुळ्यांचं दुखणं

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, फोर्ट वेन शहराजवळ, जनरल मोटर्सचा ट्रकचा कारखाना आहे. १९८६ पासून तो चालू आहे. पट्ट्यावरून सांगाडे एकामागून एक सरकत येतात आणि तोच कामगार, तेच यंत्र हातात धरून, त्याच जागी तोच बोल्ट आवळतो. पुढे एका गाडीच्या तोंडावर बो-टायच्या आकाराचं चिन्ह बसतं आणि ती शेव्हरले सिल्व्हराडो होते. तिच्या मागून येणारीच्या जाळीवर जीएमसी ही तीन इंग्रजी अक्षरं बसतात आणि ती सिएरा होते. चासी एक, इंजिन एक, गिअरबॉक्स एक. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना मात्र दुसरीची किंमत पहिलीपेक्षा साधारण हजार डॉलरने, वरच्या प्रकारांत त्याहूनही अधिक, वाढलेली असते.

आणि हे जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला विचारलं तर तो बिनदिक्कत सांगतो: सिएरा जरा दणकट असते.

पिकअप म्हटलं की आपल्याकडे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवणारी बोलेरो डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतली पिकअप हे प्रकरण वेगळं. पुढे पाच-सहा माणसं ऐसपैस बसतील अशी केबिन, मागे उघडा हौदा, आणि नव्या गाडीला सहज पन्नास-साठ हजार डॉलर. सुतार, शेतकरी, प्लंबर ती वापरतातच. पण ज्याच्या हौद्यात वर्षभरात किराण्याच्या पिशव्यांपलीकडे काही पडत नाही असा बँकेतला माणूसही तीच चालवतो. १९७७ पासून तिथे सर्वाधिक खपाचा ट्रक म्हणून फोर्डच्या ‘एफ’ मालिकेचा डंका वाजतो. त्यात एक गंमत आहे. सिल्व्हराडो आणि सिएरा यांची मोजणी वेगवेगळी होते, म्हणून फोर्डचा पहिला नंबर टिकतो. २०२४ मध्ये या दोघींच्या विक्रीची बेरीज आठ लाखांच्या वर गेली, म्हणजे फोर्डच्याही पुढे. पहिल्या क्रमांकाचा मान सोडून जनरल मोटर्स एकाच गाडीला दोन नावं लावते, तेव्हा त्यात तिला मानापेक्षा मोठं काही मिळत असणार हे उघड आहे.

सिएरा खरोखर दणकट असते का? सरळ उत्तर द्यायचं तर, नाही. पण हा समज निव्वळ भोळेपणातून आलेला नाही. एके काळी तो खरा होता.

जीएमसीचं मूळ मिशिगनमधल्या पाँटिअॅक गावच्या रॅपिड मोटर व्हेइकल कंपनीत आहे. रॅपिड मालवाहू गाड्या बनवायची. १९०९ मध्ये जनरल मोटर्सने ती घेतली आणि १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वाहन प्रदर्शनात जीएमसी हे नाव पहिल्यांदा झळकलं. शेव्हरले १९११ ची. ती जनरल मोटर्सच्या घरात आली १९१८ मध्ये. म्हणजे थोरली कोण, धाकटी कोण, हा प्रश्न निदान सासरी येण्यापुरता निकालात निघतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा दारूगोळा, रेशन आणि पेट्रोल ज्या अडीच टनी ट्रकांनी ओढलं ते जीएमसीचे. पाच लाखांहून अधिक बनले. नॉर्मंडीच्या लढाईनंतर फ्रान्समधून पुढे सरकणाऱ्या फौजांना रसद पोचवणारी रात्रंदिवसाची रांग चालली ती मुख्यतः याच गाड्यांवर. युद्धावरून परतलेल्या पोरांनी ती तीन अक्षरं चिखलात, बर्फात, बाँबच्या खड्ड्यांत पाहिलेली होती. असा शिक्का कुठल्याही जाहिरातीला मारता येत नाही.

पुढची दोन-तीन दशकं जीएमसीचं इंजिनही वेगळं असे. १९५५ मध्ये शेव्हरलेच्या पिकअपमध्ये शेव्हरलेचं व्ही-८ इंजिन आलं, तर जीएमसीच्या पिकअपमध्ये पाँटिअॅकच्या घराण्यातलं. १९६० मध्ये जीएमसीने स्वतःचं व्ही-६ काढलं. ३०५ घनइंचाचं, बोजड, पेट्रोल पिणारं, पण ओझ्याखाली न कुरकुरणारं धूड. त्या काळात कुणा शेतकऱ्याने चार पैसे जास्त टाकून शेव्हरलेऐवजी जीएमसी घेतली असेल तर त्याला त्याचे पैसे लोखंडात मिळाले. १९७० च्या दशकात मात्र हे संपलं. व्ही-६ बंद पडलं, जीएमसीत शेव्हरलेची इंजिनं बसू लागली, आणि १९७३ च्या पिढीपासून दोघींत उरला तो जाळीचा, दिव्यांचा आणि नावाचा फरक. लोखंड गेलं, नाव राहिलं. वाडा विकला गेल्यावरही सावकारीचा रुबाब दोन पिढ्या टिकतो, तसा हा दणकटपणा आज पन्नास वर्षं टिकून आहे.

मग दोन नावं ठेवलीच कशाला? याचं कारण कारखान्यात सापडत नाही, दुकानांत सापडतं. आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात जनरल मोटर्सची जी शिडी बांधली तिच्या तळाला शेव्हरले, मग पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल, ब्यूइक आणि टोकाला कॅडिलॅक. प्रत्येक खिशाला एक गाडी. प्रत्येक पायरीचे विक्रेते वेगळे. ज्याचं पाँटिअॅक किंवा ब्यूइकचं दुकान होतं त्याच्याकडे विकायला ट्रक नव्हता, आणि ट्रकचं गिऱ्हाईक समोरच्या शेव्हरलेवाल्याकडे जाताना बघत बसणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याच्यासाठी जीएमसी. अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे अशा विक्रेत्यांना भरभक्कम संरक्षण देतात. ओल्ड्समोबिल हा ब्रँड बंद करायची घोषणा २००० च्या डिसेंबरात झाली, शेवटची गाडी २००४ मध्ये निघाली, आणि विक्रेत्यांची समजूत काढण्यातच कंपनीचे अब्जाहून अधिक डॉलर गेले. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत निघाली तेव्हा पाँटिअॅक बुडाली, सॅटर्न बुडाली, हमरची विक्री फिसकटली. वाचले ते चार ब्रँड, आणि त्यांत ज्याची प्रत्येक गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीची जुळी होती तो जीएमसीही होता. नफा तिथे होता.

या सगळ्या जुळ्या व्यवहाराचं बिंग एकदा भर बाजारात फुटलं होतं, आणि ते फोडलं एका ऑइल फिल्टरने. साल १९७७. शिकागोतल्या एका माणसाने नवी ओल्ड्समोबिल डेल्टा-८८ घेतली. ओल्ड्समोबिलचं ‘रॉकेट’ इंजिन म्हणजे १९४९ पासूनची ख्याती. जाहिरातींत त्याची आरती ओवाळली जायची आणि लोक त्या इंजिनासाठी शेव्हरलेपेक्षा जास्त पैसे मोजायचे. गाडी देखभालीला गेली. मेकॅनिकने ओल्ड्समोबिलचा फिल्टर लावायला घेतला, बसेना. फॅनबेल्ट लावून पाहिला, तोही बसेना. बॉनेटखाली बघितलं तर इंजिन शेव्हरलेचं! मागणी इतकी होती की ओल्ड्समोबिलची इंजिनं पुरेनात, म्हणून कंपनीने लाखाहून अधिक गाड्यांत गुपचूप शेव्हरलेचं त्याच आकाराचं इंजिन बसवलं होतं. इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्याने दावा ठोकला, मागोमाग इतर राज्यं आली, आणि शेवटी ग्राहकांना दोनशे डॉलर व इंजिनाची वाढीव हमी देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

त्या खटल्यात कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा होता. शेव्हरलेचं इंजिन ओल्ड्समोबिलच्या इंजिनाइतकंच चांगलं आहे, ताकद जवळपास तीच आहे, ग्राहकाचं काहीही नुकसान झालेलं नाही, असं तिचं म्हणणं. गंमत म्हणजे ते खरंच होतं. शेव्हरलेचं ३५० घनइंचाचं व्ही-८ हे अमेरिकेतल्या सर्वांत टिकाऊ इंजिनांत गणलं जातं. पण पन्नास वर्षं शिडीच्या पायऱ्या विकून झाल्यावर, सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या आहेत असं कोर्टात सांगायची पाळी आली होती. तेव्हापासून कंपनीच्या माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत एक ओळ आली: इंजिन आमच्या कुठल्याही विभागात बनलेलं असू शकतं.

आजची सिएरा आणि सिल्व्हराडो यांच्यात काहीच फरक नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. २०१९ च्या पिढीपासून बाहेरचा पत्रा दोघींचा बराच वेगळा आहे. सिएराच्या मागच्या फाळक्याच्या आत दुसरा छोटा फाळका आहे. तो सहा तऱ्हांनी दुमडतो, पायरी होतो, टेबल होतो. हौदा कार्बन फायबरच्या मिश्रणाचा घ्यायची सोय फक्त सिएरात आली. तो हलका असतो आणि गंजत नाही. ‘डेनाली’ नावाच्या वरच्या प्रकारात चामडं, लाकूड आणि रस्त्याप्रमाणे स्वतःला सैल-घट्ट करणारे शॉक अॅबसॉर्बर आहेत. (डेनाली हा अलास्कातला पर्वत. सरकारने त्याला २०१५ मध्ये हे नाव दिलं आणि २०२५ मध्ये काढून पुन्हा मॅकिन्ली केलं. गाडीवरचं नाव कुणी बदललं नाही.) यांतल्या काही गोष्टी दोन-तीन वर्षांत शेव्हरलेकडेही गेल्या, २०२१ मध्ये सिल्व्हराडोलाही तसलाच घडीचा फाळका मिळाला, फक्त नाव बदलून. हे सगळे सोयीचे, सजावटीचे, कधी खरोखर उपयोगाचे फरक आहेत. ज्याला हवे त्याने पैसे द्यावेत. पण टिकाऊपणा म्हणजे फाळक्याच्या घड्या नव्हेत.

इथे कुणीतरी पाहणीचे आकडे पुढे करतो. जे. डी. पॉवर ही संस्था दर वर्षी तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारते आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी ते मोजते. जुळ्या गाड्यांचे आकडे त्यात कधी कधी वेगळे निघतात, आणि ते निघायलाच हवेत. कारण त्या यादीत क्रँकशाफ्ट तुटणंही एक तक्रार आणि फोन गाडीच्या पडद्याशी न जुळणंही एक तक्रार. ज्या गाडीत अधिक पडदे, अधिक मोटारी, अधिक बटणं, तिच्यात कुरबुरीला अधिक जागा. शेतावरची साधी, कापडी सीटची सिल्व्हराडो आणि शहरातली भरगच्च डेनाली यांची तुलना करून ‘जीएमसी वाईट’ किंवा ‘शेव्हरले वाईट’ म्हणणं म्हणजे डब्यातल्या पोळी-भाजीची लग्नाच्या पंगतीशी तुलना करून स्वयंपाक्याला नावं ठेवणं आहे. शिवाय मालकही वेगळे. जास्त पैसे मोजणारा जास्त चिकित्सक असतो, किंवा आपण फसलो नाही हे स्वतःला पटवण्यासाठी जास्त उदार असतो. दोन्ही प्रकारची माणसं आपण पाहिलेली आहेत.

त्यापेक्षा विश्वासार्ह साक्ष कंपनीच्या हमीपत्रात आहे. जाहिरातीत काहीही लिहिता येतं. हमीपत्रात जे लिहितो त्याचे पैसे भरावे लागतात. शेव्हरलेच्या ट्रकला संपूर्ण गाडीची हमी तीन वर्षं किंवा ३६,००० मैल. इंजिन-गिअरबॉक्सची पाच वर्षं किंवा ६०,००० मैल. जीएमसीला? तीन वर्षं किंवा ३६,००० मैल; पाच वर्षं किंवा ६०,००० मैल. एक मैलही जास्त नाही. वाढीव हमी द्यायची कंपनीला सवय नाही असंही नाही. त्याच घरातल्या कॅडिलॅकला चार वर्षं किंवा ५०,००० मैल, आणि इंजिनाला सहा वर्षं किंवा ७०,००० मैल मिळतात. कॅडिलॅकची एस्केलेड ही या ट्रकांच्याच सांगाड्यावर उभी आहे, हे सोडून द्या. मुद्दा असा की ‘व्यावसायिक दर्जाची’ गाडी अशी जीएमसीची जाहिरात वर्षानुवर्षं चालली, पण त्या दर्जावर एक डॉलरचीही जास्तीची पैज कंपनीने स्वतः लावलेली नाही.

एप्रिल २०२५ मध्ये तर या प्रश्नाचा निकाल कंपनीच्याच पत्राने लागला. ६.२ लिटरचं व्ही-८, कंपनीच्या भाषेत एल-८७, हे या ट्रकांतलं सर्वांत महागडं पेट्रोल इंजिन. ते चालत्या गाडीत अचानक बसायला लागलं. कुठे कनेक्टिंग रॉडमध्ये आणि क्रँकशाफ्टच्या तेलाच्या वाटांमध्ये बनवतानाची घाण राहिलेली, कुठे क्रँकशाफ्टचं माप आणि पृष्ठभाग ठरल्याप्रमाणे नाही. बेअरिंग झिजतं, तेल पोचत नाही, इंजिन जाम होतं. काही वेळा रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. महामार्गावर भरधाव जाताना हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. कंपनीकडे अमेरिकेतून २८ हजारांवर तक्रारी आल्या होत्या, बारा अपघात आणि बारा जखमी अशी नोंद होती. २०२१ ते २०२४ या सालांच्या गाड्या परत बोलावल्या गेल्या: अमेरिकेत जवळपास सहा लाख, जगभरात सव्वासात लाखांच्या आसपास. यादीत सिल्व्हराडो होती, सिएरा होती, शेव्हरलेच्याच टाहो आणि सबर्बन होत्या, जीएमसीची युकॉन होती, आणि शिडीच्या टोकावरची लाख डॉलरची एस्केलेडही होती.

मराठीत जुळ्यांचं दुखणं म्हणतात ते हेच. एकीला ताप आला की दुसरीच्या अंगाला हात लावून बघायचा. क्रँकशाफ्टला आपल्यावर कुठलं चिन्ह बसणार आहे हे ठाऊक नसतं. जीएमसीसाठी जास्त काळजीपूर्वक घासलेला क्रँकशाफ्ट असा काही वेगळा ढीग कुठल्याच कारखान्यात नाही.

मग चिन्हाने काय बदलतं? बाजारभाव बदलतो. आणि इथे अमेरिकेचाच आणखी एक जुना प्रयोग आठवावा लागतो. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे भागीदारीत कारखाना काढला. तिथे टोयोटाची कोरोला आणि तिचीच जुळी प्रिझ्म, आधी जिओ आणि मग शेव्हरले या नावाने, एकाच छताखाली बनत. टोयोटाचंच इंजिन, टोयोटाचीच शिस्त. तरी गिऱ्हाईक कोरोलाला जास्त पैसे द्यायचं, आणि काही वर्षांनी जुन्या बाजारात प्रिझ्म आणखी स्वस्तात जायची. ज्यांनी डोळे उघडे ठेवून जुनी प्रिझ्म घेतली त्यांना कोरोलाची गाडी शेव्हरलेच्या भावात मिळाली. ट्रकच्या बाजारात असे किस्से रग्गड आहेत. १९६४ पासून अमेरिकेत परदेशी ट्रकवर २५ टक्के आयात कर आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला म्हणून सूड म्हणून लावलेला. कोंबड्यांचं भांडण केव्हाच विसरलं गेलं, ट्रकवरचा कर तेवढा राहिला. त्यामुळे जपानी कंपन्यांनी अमेरिकेतच बनलेल्या गाड्यांवर आपलं नाव लावून विकायला सुरुवात केली. फोर्ड रेंजरची माझ्दा झाली, शेव्हरले एस-१० ची इसुझू होंब्रे झाली, डॉज डकोटाची मित्सुबिशी रेडर झाली, निसान फ्रंटिअरची सुझुकी इक्वेटर झाली. होंब्रे, रेडर, इक्वेटर तिन्ही काही वर्षांत गुपचूप बंद पडल्या. गाड्या मूळच्या गाड्यांइतक्याच चांगल्या-वाईट होत्या. ट्रक घ्यायला सुझुकीच्या दुकानात जावं हे टेक्सासच्या माणसाला सुचत नव्हतं, एवढंच.

हा खेळ आपल्याकडेही पोचलेला आहे. चाकणच्या कारखान्यातून स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन एकाच सांगाड्यावर निघतात, आणि ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये त्यांची टक्कर-चाचणी घेतली तेव्हा पाच ताऱ्यांचा निकाल दोघींना मिळून एकच दिला. मारुतीची बलेनो २०१९ मध्ये टोयोटाची ग्लांझा झाली तेव्हा गोष्ट थोडी निराळी होती. गाडी तीच, पण टोयोटाने हमी दिली तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची, आणि मारुतीची त्या वेळी होती दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरची. तिथे चिन्हामागे काहीतरी ठोस होतं, कागदावर लिहिलेलं, दाव्याला उभं राहणारं. पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘टोयोटाची म्हणजे दणकट’ म्हणणारा आणि ओहायोत ‘जीएमसी म्हणजे दणकट’ म्हणणारा यांच्यात हा फरक आहे. पहिल्याच्या खिशात निदान जास्तीचे साठ हजार किलोमीटर होते. २०२४ मध्ये मारुतीनेही हमी तेवढीच केली आणि तेही संपलं.

सिएरा घेऊ नये असा याचा अर्थ नाही. तिचा चेहरा अनेकांना जास्त आवडतो, तिचा फाळका खरोखर हुशार आहे, आणि जवळचा जीएमसीवाला सर्व्हिसिंग चांगलं करत असेल तर हजार डॉलर त्यातच वसूल होतात. पण तुलना करायचीच तर ती दोन नावांत करू नये. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, कोणत्या वर्षीचा, हमी किती उरली, मागे कुठल्या दुरुस्तीसाठी परत बोलावलेली, हे पाहावं. ६.२ लिटरची सिएरा आणि ५.३ लिटरची सिल्व्हराडो यांच्यात जेवढा फरक आहे, त्याच्या पासंगालाही ६.२ ची सिएरा आणि ६.२ ची सिल्व्हराडो यांच्यातला फरक पुरणार नाही.

परत बोलावलेल्या त्या गाड्यांपैकी ज्या तपासणीत नापास झाल्या त्यांचं इंजिन दुरुस्त करायचं किंवा बदलायचं ठरलं. ज्या पास झाल्या त्यांना मिळालं ते असं: पातळ तेल काढून जास्त दाट, ०डब्ल्यू-४० प्रतीचं तेल, नवा ऑइल फिल्टर, माहितीपुस्तकात चिकटवायचा एक कागद, आणि तेल ओतायच्या तोंडावर बसवायचं नवं झाकण. एस्केलेडचा मालक असो, सिएराचा असो की सिल्व्हराडोचा, उपाय सगळ्यांना तोच.